घरामागच्या रानात हरणांची शिकार: होकार द्यावा की नकार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बॉस्टनच्या पश्चिमेला एका उपनगरात तुम्ही दोन वर्षांपूर्वी घर घेतलंत. मागच्या अंगणाला लागून गावाच्या मालकीचं १८० एकर राखीव रान आहे. आता गावाच्या संवर्धन आयोगानं तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर धनुष्यबाणानं हरणांची शिकार करू द्यायचा प्रस्ताव आणलाय आणि पुढच्या महिन्यात जाहीर सुनावणी आहे. घरात दोन लहान मुलं आणि एक कुत्रा. दिवाळीच्या सुमाराला सांगलीहून आई येतात आणि रोज सकाळी त्याच रानात फिरायला जातात. पत्नीला गेल्या उन्हाळ्यात लाइम, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार, होऊन गेला. घर शाकाहारी. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे सुरक्षित आहे का, हा क्रूरपणा नाही का, गोचीड खरंच कमी होतील का, आणि सुनावणीत उभं राहून बोलायचं काय.

मॅसॅच्युसेट्समधल्या अशाच जमिनी सांभाळण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. शिकार मी स्वतः कधी केलेली नाही, मांस सोडूनही बारा वर्षं झाली. तरी माझं उत्तर आहे: होकार द्या, पण अटी घालून. त्या अटी आयोग मान्य करत नसेल तर सरळ नकार द्या. कारण अर्धवट शिकारीत हरणंही मरतात आणि रानही सुधारत नाही. असले कार्यक्रम मी जवळून पाहिलेत, एक तर माझ्याच हातून झालाय. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी आपल्या मनातली एक अढी. आपल्याकडे शिकारी म्हटलं की दोनच चेहरे समोर येतात, एक संस्थानिकाचा आणि दुसरा चोरट्याचा. माझं माहेर राधानगरी तालुक्यातलं. दाजीपूरचं जंगल म्हणजे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर देशभरच शिकार म्हणजे गुन्हा. त्यामुळे ‘राखीव’ आणि ‘शिकार’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याला खटकतं. मलाही पहिली काही वर्षं खटकायचं. इथली घडी वेगळी आहे. वन्यप्राणी जमीनमालकाचे नसतात, ते राज्याच्या ताब्यात असतात, लोकांच्या वतीनं. शिकाऱ्यांच्या परवान्यांचे पैसे आणि बंदुका-काडतुसांवरचा १९३७पासूनचा केंद्रीय कर, यांवर राज्यांची वन्यजीव खाती बरीचशी चालतात. रानातलं मांस विकायला मनाई आहे, कारण एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी इतकी हरणं मारली गेली की १९००च्या आसपास देशभरात मिळून पाचेक लाखच उरली असावीत. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत.

मग एवढी वाढली कशी? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचंच बघा. मुंबईनं तिन्ही बाजूंनी वेढलेलं, १०४ चौरस किलोमीटरचं रान. त्यात चितळ आहेत, सांबर आहेत, आणि त्यांच्या मागावर बिबटेही आहेत. तुमच्या घरामागच्या रानात बिबट्याच्या जागी कोणी नाही. इथले लांडगे आणि प्यूमा (डोंगरी सिंह) एकोणिसाव्या शतकातच संपवले गेले. कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी पाडसं उचलतात, पण धडधाकट मोठं हरीण सहसा त्यांच्या आवाक्यात येत नाही. वर आपण हॉस्टा लावतो, ट्यूलिप लावतो, सफरचंदं झाडाखाली कुजू देतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला दाट जंगल नको असतं, त्याला हवी असते रानाची कड. उपनगर म्हणजे नुसती कडच कड.

मादी बहुतेक वर्षी जुळी पाडसं देते. मिशिगनमध्ये जॉर्ज रिझर्व्ह नावाचं एक कुंपणबंद रान आहे. तिथे १९२८ साली दोन नर आणि चार माद्या सोडल्या होत्या. सहा वर्षांच्या आत हाका घालून मोजणी केली तेव्हा आकडा १६०वर गेला. मॅसॅच्युसेट्सचं वन्यजीव खातं चौरस मैलामागे १२ ते १८ हरणं हे लक्ष्य धरतं. बॉस्टनच्या दक्षिणेच्या ब्लू हिल्स रानात २०१३च्या मोजणीत चौरस मैलामागे ८५ हरणांचा अंदाज निघाला. शंभराहून अधिक वर्षं तिथे शिकार बंद होती. २०१५च्या हिवाळ्यात पहिल्यांदा मोजक्या लोकांना परवानगी दिली, तेव्हा वाटेवर फलक घेऊन निदर्शनं झाली.

जास्त हरणं म्हणजे नेमकं काय बिघडतं, हे आकड्यांनी कळत नाही. तुमच्या आयोगानं रानात कुठे जाळीचं कुंपण उभं केलेलं असलं तर ते बघून या. आम्ही एका गावाच्या रानात तीस फूट लांब-रुंद चौकोन आठ फुटी जाळीनं बंद केला होता. आत काही लावलं नाही, काही उपटलं नाही. पहिली दोन वर्षं लोक विचारायचे, ही रिकामी जाळी कशाला? सात वर्षांनी मी शाळेच्या मुलांना घेऊन तिथे गेले. आत ओकची रोपं कमरेएवढी, मेपलची त्याहून उंच, खाली ट्रिलियमची तीन पानं आणि मधोमध एक पांढरं फूल. जाळीच्या बाहेर पाचोळा, त्यात नेचे, आणि जपानी बारबेरीची काटेरी झुडपं, कारण या दोन्हींना हरणं तोंड लावत नाहीत. मुलांना गुडघ्यावर बसून लांबवर बघायला सांगितलं. जमिनीपासून पाच-सहा फुटांपर्यंत सगळं आरपार दिसतं, जणू कुणी पट्टी धरून एका रेघेत फांद्या कापल्यात. हरणाची मान जिथवर पोचते तिथवरची ही रेघ. तुमच्या घरातून ‘मोकळं, हवेशीर, छान जंगल’ दिसतंय असं तुम्ही लिहिलंय ना, तो मोकळेपणा बहुधा हाच. वरची झाडं शंभर वर्षांची, खाली त्यांच्या जागी येणारं कुणीच नाही. जमिनीलगत घरटी करणारे पक्षीही अशा रानातून गेलेले असतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण क्वाबिनचं. बॉस्टनला पाणी पुरवणारा हा जलाशय. त्यासाठी डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं १९३८मध्ये कागदोपत्रीही मिटवली. आपल्याकडे शिवसागराखाली कोयनेकाठची गावं गेली तशीच. भोवतालच्या रानात पन्नासेक वर्षं शिकार बंद होती. शेवटी पाणीखात्याच्या वनरक्षकांच्या लक्षात आलं की रानात नवं झाडच उगवत नाहीये. एखादं मोठं वादळ येऊन जुनी झाडं पडली असती तर उतारावरची माती धरून ठेवायला काही नव्हतं, आणि ती माती थेट पिण्याच्या पाण्यात. १९९१ साली तिथे नियंत्रित शिकार सुरू झाली आणि काही वर्षांत रोपटी वर येऊ लागली. निर्णय पाण्यासाठी होता. हरणांवर राग कुणाचाच नव्हता.

आता सुरक्षितता. तुमचा सगळ्यात मोठा धसका हाच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी काळजी याचीच करायला हवी.

या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही घरापासून ५०० फुटांच्या आत, घरमालकाच्या किंवा तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय, शिकार करता येत नाही. पक्क्या रस्त्यापासून १५० फूट लांब राहावं लागतं. रविवारी शिकार बंद, हा वसाहतीच्या काळापासूनचा नियम. तो बदलायची मागणी अधूनमधून होते, म्हणून यंदाचे नियम खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. गावाच्या कार्यक्रमात साधारणपणे ठरावीक नावांनाच परवाना मिळतो, आधी नेमबाजीची परीक्षा घेतात आणि जमिनीवरून बाण सोडायला बंदी असते. शिकारी झाडाला बांधलेल्या मचाणावर, पंधरा-वीस फूट उंच बसतो. आपलं मचाण बांबूचं. यांचं ॲल्युमिनियमचं, पट्ट्यानं आवळलेलं, इतकंच. तिथून वीस-पंचवीस पावलांवरच्या हरणावर बाण सोडतात. बाण तिरका खाली जातो आणि चुकला तर मातीत रुततो. बंदुकीच्या गोळीसारखा मैलभर जात नाही. अशा शिकारीत जखमी होतो तो बहुतेक वेळा शिकारीच, मचाणावरून पडून.

आईंना भेटलाच तर एक शिकारी असा भेटेल: पहाटे साडेपाचला गाडी लावून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात गपचूप आत जाणारा, थर्मासमधला चहा पिणारा, चार-पाच तास हालचाल न करता बसून बहुतेक दिवशी रिकाम्या हातानं परतणारा. मी अशा एकाबरोबर एक सकाळ खालच्या ओंडक्यावर बसले होते. सातच्या सुमाराला खालून एक बाई कुत्रा घेऊन, फोनवर मोठ्यानं बोलत गेल्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. त्यानं माझ्याकडे बघून घड्याळावर बोट ठेवलं, नंतर म्हणाला, “या रोज सात वाजून दहा मिनिटांनी येतात, हरणंसुद्धा त्यांची वेळ पाळतात.” धनुष्याच्या हंगामात नारंगी कपड्यांची सक्ती सगळीकडे नसते, म्हणून माणूस दिसत नाही आणि म्हणून भीती वाटते. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. फक्त भीती आणि धोका या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच म्हणते. धोकाच मोजायचा तर देशभरात दरवर्षी गाड्यांसमोर दहा लाखांहून जास्त हरणं येतात, तो मोजा. नोव्हेंबरात तिन्हीसांजेला, नर माद्यांच्या मागे धावत असताना, तुम्ही कामावरून घरी येता त्या रस्त्यावर.

आता ते ५०० फूट. सुनावणीत सगळे या अंतराबद्दल ‘पुरेसं आहे का’ असं विचारतात. कागद-पेन्सिल घ्या आणि उलटा हिशोब मांडा. एका घराभोवती ५०० फुटांचं वर्तुळ काढलं की सुमारे १८ एकर जमीन शिकारीतून बाद होते. तुमचं १८० एकर रान ढोबळमानानं चौकोनी धरलं तर एक बाजू २,८०० फुटांची. चारी बाजूंना हद्दीपासून शंभर फुटांवर घरं असतील तर आतला ४०० फुटांचा पट्टा गेला. उरले जेमतेम ९२ एकर, म्हणजे निम्मं रान. आणि हरणांना हा पट्टा पंधरा दिवसांत कळतो! उपनगरातल्या मादीचा वावर अनेकदा दोनशे एकरांतही मावतो. मध्ये माणूस बसायला लागला की ती दिवसा तुमच्या हॉस्टांजवळ झोपते आणि अंधार पडला की आत चरायला जाते.

माझ्या हातून झालेली चूक हीच होती. पंधराएक वर्षांपूर्वी एका गावात मी असा कार्यक्रम आखून दिला. लोकांचा विरोध कमी व्हावा म्हणून आम्ही ५०० ऐवजी ७०० फूट ठेवले, शनिवार वगळला, शिकारी मोजकेच घेतले, आणि कुणी काय मारायचं याची अट घातली नाही. सगळ्यांचं समाधान झालं. शिकारी मोठ्या शिंगांच्या नराची वाट बघत बसले, कारण भिंतीवर तोच लावता येतो. तीन हंगामांत काही हरणं मेली, त्यांत नर जास्त. एक नर अनेक माद्यांना पुरतो. तो गेल्यानं पुढच्या वर्षीच्या पाडसांत काडीचा फरक पडत नाही. चौथ्या वर्षी आम्ही रोपं मोजायला गेलो तर जिथे होतो तिथेच. आयोगाच्या बैठकीत एक आजी उठून म्हणाल्या, “मग ती हरणं कशासाठी मेली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून तुमच्या मतापेक्षा तुमची सही मोठी आहे. ५०० फुटांच्या आत शिकारीला परवानगी द्यायचा अधिकार कायद्यानं घरमालकाला, म्हणजे तुम्हालाच दिलाय. हद्दीवरच्या दहा-बारा घरांनी एका ओळखीच्या, परीक्षा दिलेल्या शिकाऱ्याला लेखी परवानगी दिली, ठरावीक झाडावर आणि ठरावीक दिवशी, तर ती बाद झालेली निम्मी जमीन परत मिळते. नाही दिली तर कार्यक्रम कागदावर पास होऊनही रानात नापास होतो. सही द्याल तेव्हा आधी त्या माणसाला घरी चहाला बोलवा. मी सगळ्यांना हेच सांगते. चहा पिताना माणूस कळतो. शिवाय मेलेलं हरीण शोधत तो तुमच्या अंगणात येणार असेल तर तोंडओळख असलेली बरी.

आणि बाण लागलेलं हरीण तुमच्या अंगणात येऊ शकतं. क्रौर्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो, तो मी टाळणार नाही. बाण बसल्यावर हरीण जागच्या जागी पडत नाही, पन्नास-शंभर पावलं धावतं आणि मग कोसळतं. नेम छातीत बसला तर हे काही सेकंदांत संपतं. चुकला तर संपत नाही. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर अनेक वर्षं नोंदी ठेवून अभ्यास झाला. परीक्षा देऊन आलेल्या शिकाऱ्यांनी बाण मारलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणं सापडली नाहीत. त्यातली काही जगली असतील, काही नसतील. सुनावणीत कुणी ‘एकही हरीण तडफडत नाही’ म्हणालं तर तो खोटं बोलतोय असं खुशाल समजा. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा: गाडीनं कंबर मोडलेली हरणं, खायला न मिळाल्यानं फेब्रुवारीत फासळ्या मोजता येतील अशी पाडसं, आणि त्या रानात आता नसलेलं बाकी सगळं. हिंसा टाळायचा पर्याय माझ्या तरी हाती कधी आला नाही. कुठली हिंसा डोळ्यांसमोर होऊ द्यायची, एवढंच ठरवता आलं. तुमच्या घरच्या संस्कारांना हे पटणार नाही, तर तसं स्पष्ट सांगून विरोध करा. तो विरोध मला ‘मुलांना बाण लागेल’ या कारणापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो.

मांसाचं काय होतं, हेही अनेकजण हळूच विचारतात. शिकारी घरी नेतो, शीतपेटीत वर्षभर पुरवतो, शेजाऱ्यांना देतो. माझ्या लहानपणी गावात डुक्कर मारलं गेलं की वाटे पडायचे, हाका घालणाऱ्याचा वेगळा, कुत्रेवाल्याचा वेगळा. काही गावांत जादा मांस अन्नछत्रांना देतात. बाण शिशाचा नसल्यानं मांसात शिशाचे कण जायची भीतीही नसते.

लाइमकडे वळते, कारण प्रस्तावाच्या बाजूनं सगळ्यात जास्त अतिशयोक्ती तिथे होते. १९७५मध्ये कनेक्टिकटच्या लाइम गावात मुलांचे सांधे सुजायला लागले आणि हा आजार उजेडात आला. त्याचा जंतू गोचिडीला हरणाकडून मिळत नाही, तो मिळतो पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. हरणाचं काम वेगळं आहे. प्रौढ गोचीड मादी शरदात हरणाच्या अंगावर शेवटचं पोटभर रक्त पिते आणि मग हजार-दोन हजार अंडी घालते. म्हणजे उंदीर जंतू पुरवतो, आणि हरीण गोचिडीचं कुटुंब वाढवतं. पत्नीला चावली ती बहुधा खसखशीच्या दाण्याएवढी, जून-जुलैतली पिल्लू गोचीड असणार.

हरणं कमी केल्यानं लाइम कमी होतो का? होतो, पण फारच कमी केली तर. कनेक्टिकटमध्येच ग्रोटनजवळ मम्फर्ड कोव्ह ही समुद्राकाठची वसाहत आहे. तिथे १३ वर्षांच्या पाहणीत हरणं चौरस किलोमीटरमागे पाचवर आणली, तेव्हा गोचीड तीन चतुर्थांशांनी घटल्या आणि रहिवाशांनी सांगितलेल्या लाइमच्या घटना ८० टक्क्यांनी. उलट न्यू जर्सीच्या बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये तीन हंगामांत हरणं जवळजवळ निम्म्यानं कमी करूनही गोचिडींवर आणि लाइमवर परिणाम दिसला नाही. (एडिसन-प्लेन्सबरोच्या बाजूला राहणारे आपले बरेच लोक हे वाचत असतील, त्यांच्या राज्यातलीच गोष्ट.) तुमच्या १८० एकरांवर दोन-तीन वर्षं धनुष्यबाण चालवून लाइम जाईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पायमोजे विजारीवरून ओढून घ्या, कपड्यांना परमेथ्रिन हे गोचीड मारणारं औषध लावा, घरी आल्यावर अंग तपासा. कुत्र्याचं औषध चुकवू नका. शिकारीचं कारण रोपटी आहेत, गोचीड नव्हेत. गोचीड कमी झाल्याच तर तो वरचा लाभ.

‘मारण्यापेक्षा नसबंदी करा’ हे कुणीतरी म्हणणारच. कॉर्नेल विद्यापीठानं आपल्या परिसरात ते करून पाहिलं. ७७ माद्यांची नळीबंदी केली, दर शस्त्रक्रियेमागे हजारावर डॉलर. माद्या गाभण राहिल्या नाहीत, पण माजावर येत राहिल्या, महिन्यामागून महिना, आणि त्यांच्या वासानं आजूबाजूचे नर गोळा झाले. हरणांची संख्या होती तेवढीच राहिली. बेटावर, जिथे बाहेरून हरीण येऊ शकत नाही, तिथे असे उपाय चालू शकतात. न्यूयॉर्कच्या फायर आयलंडवर १९९३पासून गर्भनिरोधक लसीचे प्रयोग झाले. तुमचं रान बेट नाही. हरणं पकडून दुसरीकडे सोडायची तर ती घेणारं कुणी नाही, कारण सगळ्यांकडे तीच आहेत.

तर सुनावणीत काय बोलायचं. आयोगाला पहिला प्रश्न असा विचारा: यश तुम्ही कशानं मोजणार? ‘किती हरणं मारली’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबवा. ओकची रोपं रानात ठरावीक जागी लावून दरवर्षी त्यातली किती कुरतडली हे मोजणं, कुंपणाच्या आतलं-बाहेरचं मोजणं, हे स्वस्त आहे आणि शाळेच्या मुलांनाही जमतं. ही मोजणी शिकार सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात झाली पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? दुसरं, माद्या आधी. ज्यानं मादी मारली त्यालाच नराची मुभा, असा नियम काही ठिकाणी आहे. तो हट्टानं मागा. तिसरं, किती वर्षांसाठी? तीन वर्षांत काही दिसत नाही. दहा वर्षांची तयारी नसेल तर सुरूच करू नका, कारण मध्येच सोडलं तर दोन-तीन वर्षांत आकडा पूर्वीसारखा. जखमी हरणाचा माग काढायला माग काढणारा कुत्रा कोण आणणार, रात्री फोन कुणाला करायचा, हे लेखी मागा. आणि जमिनीची कागदपत्रं मागा. दान मिळालेल्या जमिनीच्या दस्तात कधी कधी शिकारबंदीची अट असते, आणि आयोगाला ती सुनावणीच्या आदल्या रात्री सापडते. मी स्वतः त्या रात्री नगरभवनात बसून जुन्या फायली चाळल्यात.

पंचेचाळीस एकरांच्या छोट्या तुकड्यावर, शेजारची गावं काहीच करत नसताना, हाच प्रस्ताव आला असता तर मी ‘नको’ म्हटलं असतं. तुमचं रान १८० एकरांचं आहे आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे पलीकडच्या गावात कार्यक्रम आधीच चालू आहे. बॉस्टनच्या पश्चिमेच्याच वेस्टन गावानं २०१२पासून हे सुरू केलं. तिथल्या आयोगाच्या बैठकांची इतिवृत्तं जाहीर आहेत, एक संध्याकाळ काढून वाचा. तुमच्या आणि पलीकडच्या गावानं मिळून मोजलं तर तुमचे पैसेही वाचतील.

आईंबद्दल. शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि हरणं सकाळीच जास्त हलतात, म्हणून त्या तीन महिन्यांत त्यांचं फिरणं नऊनंतर ठेवा, किंवा रविवारी हवं तेव्हा. त्यांच्यासाठी आणि कुत्र्यासाठी झगझगीत नारंगी जाकीट घ्या, दहा-पंधरा डॉलरला मिळतं. माझी आई आली होती तेव्हा जाकीट घालायला तयार नव्हती. शेवटी तिला नारंगी लोकरीची शाल विणून दिली. ती अजूनही कोल्हापुरात पहाटे तीच पांघरून फिरायला जाते. पायवाटेवरून उतरून मश्रूम शोधायची सवय आईंना असेल तर ती मात्र जानेवारीपर्यंत बंद. आणि झाडाला बांधलेला पट्टा किंवा शिडी दिसली तर वर बघून हात हलवायला सांगा. बहुतेक जण उलट हात हलवतात.